केबेक समजून घ्यायचं तर नदी धरून चला

नदीकाठ

मागे कॅनडा सहलीच्या धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की माँट्रियल म्हणजे फ्रेंच बोलणारं टोरांटो, एक दिवस ठेवला तरी पुरे. तेव्हा उत्तर द्यायला वेळ झाला नाही पण ते वाक्य डोक्यातून गेलंच नाही. १४ वर्षं झाली मला इथे, माँट्रियलच्या समोर नदीपलीकडे लाँगयमध्ये राहते, आणि या केबेक प्रांतावर माझा जीव जडलाय. म्हणून सविस्तर लिहिते, बाकीच्यांनी भर घाला.

आधी नाव. आपण क्युबेक म्हणतो ते इंग्रजीतनं आलेलं, इथली माणसं केबेक म्हणतात. शब्द मुळात फ्रेंचसुद्धा नाही, अल्गाँकिन लोकांचा आहे, अर्थ 'नदी अरुंद होते ती जागा'. केबेक शहराच्या कड्याखाली सेंट लॉरेन्स नदी जेमतेम एक किलोमीटर रुंद उरते, आणि तिथून खाली समुद्राकडे जाताना पसरत पसरत इतकी होते की पलीकडचा काठ दिसेनासा होतो, खालच्या गावातली माणसं तर तिला सरळ 'समुद्र' म्हणतात. फ्रेंचमध्ये समुद्राला मिळणाऱ्या मोठ्या नदीला वेगळा शब्द आहे, फ्लव, आणि तो पुल्लिंगी. तिला येऊन मिळणाऱ्या त्या रिव्हिएर, स्त्रीलिंगी. आपल्याकडे ब्रह्मपुत्राला नद म्हणतात ना, तसंच. पण मी आपली नदीच म्हणणार.

आकार बघा. १५ लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्यासारखे पाच महाराष्ट्र मावतील. आणि माणसं? २०२१ च्या जनगणनेत साधारण ८५ लाख, एकट्या पुणे जिल्ह्यात २०११ लाच त्याहून जास्त होती. आणि या ८५ लाखांतली बहुतेक सगळी नदीच्या दोन्ही बाजूंच्या चिंचोळ्या सपाट पट्ट्यात. उत्तरेला जुना खडक, जंगल आणि हजारो तळी, त्याच्याही वर नुनाविक, तिथे इनुइट लोकांची १४ गावं आहेत आणि तिथपर्यंत रस्ताच नाही, विमानाने नाहीतर उन्हाळ्यात बोटीने. दक्षिणेला अपालाशियन डोंगर अमेरिकेच्या हद्दीपर्यंत. मधला हा पट्टा म्हणजेच केबेकचा सगळा इतिहास.

१५३४ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए नदीच्या मुखाजवळच्या गास्पेच्या किनाऱ्याला लागला, क्रूस रोवला, राजाच्या नावाने जमीन जाहीर केली आणि परत गेला. पुढच्या वर्षी आला तो नदीतून वर वर आताच्या माँट्रियलपर्यंत, आणि तिथे उताराच्या खळाळत्या पाण्याने त्याला अडवलं. त्या जागेला पुढे लाशिन नाव पडलं, म्हणजे 'चीन', कारण पलीकडे चीनचा रस्ता सापडेल अशी लोकांना आशा होती. जहाज पुढे जाईना म्हणून माल तिथे उतरवायचा, माल उतरवायचा म्हणून तिथे वस्ती, आणि वस्ती होती म्हणून पुढे माँट्रियल. १८२५ मध्ये कालवा झाला तेव्हा कुठे ती अडचण सुटली.

तो १५३५-३६ चा हिवाळा कार्तिएच्या माणसांनी केबेकपाशी काढला. ११० जणांपैकी २५ स्कर्व्हीने गेले, हिरड्या सडून, पाय काळे पडून. बाकीचे वाचले ते तिथल्या रहिवाशांनी एका झाडाची साल आणि पानं उकळून प्यायला शिकवलं म्हणून. १६०८ मध्ये शांप्लँ नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीने त्याच अरुंद जागी केबेक शहर वसवलं, त्या पहिल्या हिवाळ्यात राहिले २८, वसंतात जिवंत ८. जानेवारीत बसची वाट बघत उभी असते तेव्हा हे आकडे मला दरवेळी आठवतात.

आता जे मला खरं सांगायचंय ते. विमानाने माँट्रियलला उतरत असाल तर खिडकी घ्या. खाली शेतं दिसतील, पण आपल्यासारखी चौकोनी किंवा वेडीवाकडी नाहीत. लांबच लांब पट्ट्या, नदीला काटकोनात, जशी कोणी पातळ पट्टीने आखलीत. एक पट्टी साधारण पावणेदोनशे मीटर रुंद आणि पावणेदोन किलोमीटर लांब. फ्रेंच राजाने मोठी जमीन जहागीरदाराला द्यायची, त्याला इथे सेन्यर म्हणत, आणि त्याने ती कुळांना अशा पट्ट्या पाडून द्यायची. माझं ठाम मत आहे की केबेकची भाषा आधी या पट्ट्यांनी टिकवली, कायदे सगळे खूप नंतर आले.

---

कोकणी_आगर

वा! वाचायला घेतलं आणि पट्ट्यांपाशी थांबलोच. आमच्या गावात अगदी हेच. पुढे रस्ता, मग घर, मागे विहीर, मग आगर, नारळ सुपारी, आणि ते अरुंद चालत चालत थेट पुळणीपर्यंत. शेजारच्याचंही तसंच. भाऊवाटणी झाली की उभी चीर पडते, आडवी पाडत नाहीत, कारण मग एकाला रस्ता नाही आणि दुसऱ्याला समुद्र नाही. माझ्या आजोबांच्या वेळेला आमची जागा ३ घरांएवढी रुंद होती, आता बैलगाडी वळवायची तरी शेजाऱ्याच्या अंगणात जावं लागेल.

पण ताई, पट्ट्यांनी भाषा कशी टिकली ते नाही कळलं. जरा उलगडून सांगा.

---

नदीकाठ

आगर, तुमची उभी चीर वाचून अंगावर काटा आला, इथेही हुबेहूब तसंच झालं. प्रत्येकाला नदी हवी, कारण नदी हाच रस्ता. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून घसरगाडी. केबेक ते माँट्रियल गाडीरस्ता १७३७ मध्ये आला, तोपर्यंत सगळं पाण्यावरून. वाटणी झाली की पट्टी उभी चिरायची. नदीकाठ संपला की मागे दुसरी रांग, तिला रांग असंच म्हणतात, फ्रेंच उच्चारही जवळजवळ 'राँ'. आजही ग्रामीण पत्त्यांमध्ये पहिली राँ, दुसरी राँ असतं.

आता भाषा. पट्टी अरुंद म्हणजे शेजाऱ्याचं घर हाकेच्या अंतरावर. अमेरिकेत किंवा ओंटारिओत शेतकरी आपल्या जमिनीच्या मधोमध एकटा राहायचा, इथे सगळी घरं एका ओळीत नदीकडे तोंड करून. ओळीच्या मध्यावर चर्च. जन्म, लग्न, मरण सगळं त्या एका वहीत, फ्रेंचमध्ये. मूल बाहेर पडलं की पहिला माणूस भेटणार तो फ्रेंच बोलणारा आणि बहुतेक वेळा नात्यातलाच. इंग्रज आले तेव्हा त्यांनी शहरातला व्यापार घेतला, पण या ओळींमध्ये शिरायला फटच नव्हती.

आणि ही माणसं किती होती? १६६६ मध्ये झाँ तालाँ नावाच्या कारभाऱ्याने घरोघर फिरून मोजणी केली, ३२१५ गोरे वसाहतकरी, त्यात २०३४ पुरुष आणि ११८१ बायका. त्याच सुमाराला, १६६३ ते १६७३ या काळात, राजाने स्वतःच्या खर्चाने सुमारे ८०० मुली लग्नासाठी पाठवल्या, त्यांना 'राजाच्या मुली' म्हणतात. बऱ्याच अनाथ, कुणी विधवा, जहाजातून उतरायचं आणि काही आठवड्यांत अनोळखी माणसाशी लग्न करून पट्टीवर राहायला जायचं. त्या कुठल्या कुठल्या भागांतून आलेल्या, आणि मुलांना बोलायला त्यांनीच शिकवलं. आज इथल्या जुन्या घरांतली बहुतेक माणसं चर्चच्या वहीतून आपली वंशावळ एखाद्या राजाच्या मुलीपर्यंत नेऊ शकतात. (माँट्रियलमध्ये ज्या झाँ-तालाँ रस्त्यावर आपण सगळे कढीपत्ता आणि तूरडाळ आणायला जातो तो याच तालाँच्या नावाचा, मला हे ५ वर्षांनी कळलं.)

---

पानिपतकर

सुंदर धागा. इथे आपल्या इतिहासाचा एक धागा जुळतो म्हणून लिहितो.

१३ सप्टेंबर १७५९. इंग्रज सेनापती वुल्फ रात्रीच्या अंधारात सैन्य घेऊन केबेक शहराच्या कड्यावर चढला, सकाळी वरच्या पठारावर फ्रेंच सेनापती माँकाम समोर आला. अर्ध्या तासाच्या आत लढाई संपली, दोघेही सेनापती जखमी होऊन मेले. पुढच्या सप्टेंबरात माँट्रियल पडलं. आणि हे सगळं ज्या सप्तवार्षिक युद्धात झालं त्याच युद्धाची दुसरी आघाडी आपल्या दक्षिणेत होती. जानेवारी १७६० मध्ये वांदिवाशला फ्रेंच हरले, त्यांचा सरदार बुसी पकडला गेला. जानेवारी १७६१ मध्ये पाँडिचेरी पडली, तीही नेमकी पानिपत झालं त्याच आठवड्यात. पानिपतावर आपल्या बाजूने शेवटपर्यंत उभा राहिलेला इब्राहिमखान गारदी कवायती लढाई शिकला होता ती याच बुसीच्या हाताखाली. म्हणजे माँट्रियल, पाँडिचेरी आणि पानिपत, चार-पाच महिन्यांत तिन्ही. शाळेत आपल्याला हे तीन वेगवेगळ्या पुस्तकांत शिकवतात, एकत्र ठेवून कधी बघतच नाही.

१७६३ च्या पॅरिस तहात फ्रान्सने कॅनडा सोडला. बदल्यात साखरेची बेटं ठेवली, ग्वादलूप, मार्टिनिक, आणि पाँडिचेरी, कारैकल, माहे, चंद्रनगर परत मिळाली. म्हणजे जो कागद केबेकला फ्रान्सपासून तोडतो त्याच कागदाने पाँडिचेरी फ्रान्सकडे गेली, आणि मधला इंग्रजांच्या ताब्यातला काही काळ सोडला तर १९५४ पर्यंत राहिली. पाँडिचेरीच्या फ्रेंच वस्तीतून फिरताना मला हे माहीत असतं तर वेगळंच वाटलं असतं.

---

मुक्ताई_पुणे

नदीकाठ, लेखन आवडलं पण तुमच्या ठाम मताशी मी सहमत नाही. पट्ट्या आणि चर्च यांनी भाषा 'टिकली' असेल, पण कशी टिकली? गरिबांची भाषा म्हणून. १९६० पर्यंत माँट्रियलमध्ये कारखान्याचा मालक इंग्रजी, मुकादम इंग्रजी, मजूर फ्रेंच. दुकानात फ्रेंच बोललं तर 'गोऱ्यांची भाषा बोल', म्हणजे इंग्रजी बोल, असं तोंडावर ऐकवायचे. १८४० ते १९३० या काळात जवळजवळ ९ लाख माणसं पट्ट्या पुरेनात म्हणून अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेली आणि दोन-तीन पिढ्यांत त्यांची फ्रेंच संपली. पट्टीतून बाहेर पडलं की भाषा गेली, हाच याचा अर्थ. शहरात भाषा टिकवायला कायदाच लागला.

भाषेच्या विषयात काम करते म्हणून थोडं लांबवते. १९६० मध्ये झाँ लसाजचं सरकार आलं, त्याआधी ड्युप्लेसीच्या सत्तेची बरीच वर्षं, शाळा आणि दवाखाने चर्चच्या हातात. लसाजच्या काळात शिक्षण खातं झालं, वीज कंपन्या सरकारने घेतल्या, घोषणा होती 'आपल्या घरात आपण मालक'. चर्चमध्ये जाणं तर पुढच्या १०-१५ वर्षांत इतकं झपाट्याने कमी झालं की बघणारे थक्क झाले. आणि मग प्रश्न उभा राहिला की चर्च गेलं, शेतं सुटली, आता भाषा कशाला धरून राहणार? बाहेरून येणारे बहुतेक आपली मुलं इंग्रजी शाळेत घालत होते. १९६९ मध्ये सँ-लेओनार्द या भागात इटालियन मुलांच्या शाळेवरून रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या. शेवटी १९७७ मध्ये रने लेवेक यांच्या सरकारने फ्रेंच भाषेची सनद आणली, तोच प्रसिद्ध कायदा १०१. बाहेरून आलेल्यांची मुलं फ्रेंच शाळेत, कामाची भाषा फ्रेंच, पाट्या फ्रेंच. पाट्यांचा भाग पुढे कोर्टात अडकला, आता दुसरी भाषा चालते पण फ्रेंच ठळकपणे मोठी हवी.

याची किंमतही त्यांनी मोजली. कितीतरी बड्या कंपन्यांनी मुख्य कचेऱ्या टोरांटोला हलवल्या, इंग्रजी बोलणारी लाखभराहून जास्त माणसं प्रांत सोडून गेली. तरी त्यांनी कायदा मागे घेतला नाही. हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे मराठी पाट्यांचा विषय निघाला की पाटीपाशीच थांबतो, शाळेपर्यंत आणि पगारापर्यंत जातच नाही.

---

शाल्मली_७

मुक्ताई +१. मी त्या कायद्याची 'लाभार्थी' आहे म्हणून अनुभव लिहिते.

आम्ही आलो तेव्हा मुलगा ७ वर्षांचा. फ्रेंच शाळेत आधी स्वागतवर्गात बसवतात, वर्गात सगळी माझ्या मुलासारखीच, कुणी अल्जेरियातून, कुणी व्हिएतनाममधून, कुणी पंजाबातून, एकमेकांशी बोलायला एकच भाषा ती फ्रेंच, तीही कुणालाच येत नाही. तीन महिने पोरगा शाळेत तोंड उघडेना. मी रात्री रडायचे, नवऱ्याला म्हणायचे आपण टोरांटोला जाऊ. एका शाळेत तर मला इंग्रजीत प्रश्न विचारला म्हणून कचेरीतल्या बाईंनी अर्धा तास बाजूला बसवून ठेवलं होतं, ते अजून विसरले नाही. आणि मग मार्चमध्ये एक दिवस बर्फात खेळून आला, बूट काढता काढता माझ्याशीच फ्रेंचमध्ये बोलायला लागला, त्याच्या लक्षातही नव्हतं. आता १६ चा आहे, घरी मराठी, शाळेत फ्रेंच, मोबाईलवर इंग्रजी, आणि माझं ल आणि ला, म्हणजे फ्रेंचचं पुल्लिंग-स्त्रीलिंग, चुकलं की जेवता जेवता दुरुस्त करतो.

शब्दांचं त्यांचं प्रेम मात्र बघण्यासारखं आहे. फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या लाल अष्टकोनी पाटीवर 'स्टॉप' लिहितात, इथे 'आरे' लिहितात, म्हणजे थांबा. फ्रान्समध्ये वीकेंड, इथे फँ-द-स्मेन. ईमेलला कुरिएल, खरेदीला जाण्याला मागाझिने, कोपऱ्यावरच्या दुकानाला देपानर, म्हणजे अडलेल्याची अडचण भागवणारा. जेवणांची नावंही वेगळी, पॅरिसला देज्यने म्हणजे दुपारचं जेवण आणि इथे सकाळची न्याहारी, त्यावरून आमची एकदा पाहुण्यांशी केवढी चुकामूक झाली! सावरकरांनी दिनांक, महापौर हे शब्द दिले आणि ते आपण सहज वापरतो, तसे यांचे शब्द लोकांच्या तोंडी रुळलेत. एक खातंच आहे सरकारचं, नवीन शब्द पाडून देणारं.

---

गिरीमित्र

दगडांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. नदीच्या उत्तरेचा लोराँतिद डोंगर शंभर कोटी वर्षांच्या घरातला, एकेकाळी प्रचंड उंच असलेला आणि झिजून झिजून गोल टेकड्या उरलेला. त्याच भागात मानिकुआगाँ नावाचं तळं आहे, गूगल मॅपवर आत्ता उघडून बघा, चक्क बांगडी. सुमारे २१ कोटी वर्षांपूर्वी उल्का आदळली त्याचा वण, अवकाशातून साध्या डोळ्यांनी दिसतो.

सपाट पट्ट्याची गोष्ट आणखी जवळची. हिमयुग संपताना बर्फाच्या वजनाने दबलेल्या जमिनीवर समुद्र आत शिरला, शांप्लँ समुद्र म्हणतात त्याला. पुढे जमीन हळूहळू वर उठली, समुद्र मागे गेला, तळाची चिकणमाती राहिली. तीच ती सुपीक शेतं. पण त्या मातीत एक दगा आहे, पावसाने भिजली आणि हलली की घट्ट जमीन अचानक पातळ होऊन वाहायला लागते. ४ मे १९७१ च्या रात्री सागने भागात सँ-झाँ-व्हियाने गावाची जमीन अशीच सरकली, ४० च्या आसपास घरं गिळली, ३१ माणसं गेली. उरलेलं गाव सरकारने दुसरीकडे हलवलं.

---

धरणवाला

मानिकुआगाँचं नाव निघालं आणि राहवलं नाही. आयुष्य धरणांच्या कामात गेलं, त्यामुळे मानिक-५ माझ्यासाठी तीर्थासारखं आहे. कमानीकमानींचं काँक्रीटचं धरण, २१४ मीटर उंच, १३१४ मीटर लांब, मधली कमान एखाद्या देवळाच्या महाद्वारासारखी. १९६८ मध्ये बांधून झालं, २६ सप्टेंबरला उद्घाटन ठरलेलं, आणि त्याच सकाळी प्रांताचे पंतप्रधान डॅनियल जॉन्सन धरणाच्या जागेवरच झोपेत गेले. आता धरणाला त्यांचंच नाव आहे. आपल्या कोयनेचाही तोच काळ. तिथे फ्रेंच बोलणाऱ्या इंजिनिअरांनी पहिल्यांदा एवढं मोठं काम आपल्या भाषेत केलं, नकाशे फ्रेंचमध्ये, हिशेब फ्रेंचमध्ये, मुकादमाचा आवाजही फ्रेंचमध्ये. मुक्ताईंना सांगतो, भाषा धरणावरही टिकते.

उत्तरेला जेम्स बे या उपसागराच्या भागातलं जमिनीखालचं वीजघर तर ५६१६ मेगावॉटचं, कोयना सगळी मिळून १९६० मेगावॉट. आज प्रांताची ९० टक्क्यांहून जास्त वीज पाण्याची.

---

अमोल_वाचक

सगळ्यांचं आवडीने वाचतोय, पण एक खटकतंय. राजाने जमीन दिली, सेन्यरने पट्ट्या पाडल्या, सरकारने नद्या अडवल्या. जमीन होती कोणाची?

---

नदीकाठ

अमोल, बरोबर जागी बोट ठेवलंत. हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं.

या प्रांतात ११ मूळ राष्ट्रं आहेत, १० फर्स्ट नेशन्स आणि इनुइट. झाडाचा काढा पाजून ज्यांनी कार्तिएची माणसं वाचवली त्यांच्याच प्रमुखाला, दोनाकोना त्याचं नाव, कार्तिएने जाताना पकडून फ्रान्सला नेलं आणि तो तिथेच मेला. १७०१ मध्ये माँट्रियलला ३९ च्या आसपास राष्ट्रांचे प्रमुख जमले आणि फ्रेंचांशी मोठा तह झाला, त्यावर सह्या म्हणजे कासव, बगळा, अस्वल अशी कुळांची चित्रं आहेत. त्या कागदाची प्रत बघताना मी कितीतरी वेळ नुसती उभी होते.

जेम्स बेचं धरण १९७१ मध्ये जाहीर झालं ते तिथल्या मूळ रहिवाशांना, क्री लोकांना, न विचारता. ते कोर्टात गेले, १९७३ मध्ये न्यायाधीशांनी काम थांबवलं, आठवड्याभरात वरच्या कोर्टाने पुन्हा सुरू केलं. पण त्यामुळे सरकारला बोलणीला बसावं लागलं आणि १९७५ मध्ये करार झाला. जलाशयातल्या माशांमध्ये पारा वाढला, ज्या मासळीवर पिढ्या जगल्या तीच खायची भीती. पुढे ग्रेट व्हेल नदीवरचा प्रकल्प मात्र त्यांनी थांबवलाच. १९९० मध्ये अर्धी क्री आणि अर्धी इनुइट घडणीची होडी घेऊन ते थेट न्यूयॉर्कला गेले, वीज विकत घेणाऱ्यांच्या दारात. १९९४ मध्ये प्रकल्प गुंडाळला. त्याच १९९० च्या उन्हाळ्यात माँट्रियलजवळच्या ओका गावाला गोल्फ मैदान वाढवण्यासाठी मोहॉक या मूळ लोकांचं पाइनचं रान आणि दफनभूमी जाणार होती, ७८ दिवस रस्ते अडवले गेले, सैन्य आलं.

आणि धरणवाला काका, तुमच्यासाठी एक. केबेक शहराचा पूल, कँटिलिव्हर, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पुढे काढून जोडलेला, हावड्यापेक्षाही लांब गाळा. २९ ऑगस्ट १९०७ ला बांधता बांधता कोसळला, ७५ माणसं मेली, त्यात ३३ माँट्रियलजवळच्या काहनवाके गावचे मोहॉक लोहारकामगार. एका गावाचे ३३. १९१६ मध्ये मधला गाळा वर चढवताना पुन्हा पडला, आणखी १३ गेले. नदी अरुंद होते त्याच जागी, पहिल्या नावातच असलेल्या.

---

मुक्ताई_पुणे

हे वाचून माझंही थोडं बदलतंय. जी माणसं स्वतःच्या भाषेसाठी एवढी लढली त्यांनी क्रींची भाषा आणि नदी विचारात घेतली नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. आणि पट्ट्यांबद्दल तुमचं मान्य, पट्ट्यांनी २०० वर्षं सांभाळलं नसतं तर १९७७ मध्ये सनद लिहायला भाषा उरलीच नसती.

केबेकने कॅनडातून वेगळं व्हावं का यावरच्या दोन जनमतांबद्दल कोणीतरी लिहा ना.

---

शाल्मली_७

१९८० मध्ये वेगळं व्हायला साधारण ६० टक्के नाही. ३० ऑक्टोबर १९९५ ला मात्र ५०.५८ नाही, ४९.४२ हो. फरक ५४,२८८ मतांचा, आणि मतदान ९३ टक्क्यांहून जास्त! आमच्या शेजारच्या आजी सांगतात, त्या रात्री त्यांच्या जेवणाच्या टेबलावर नवरा हो, त्या नाही, एक मुलगी हो, दुसरी मुलगी खोलीत दार लावून. नंतर त्या घरात त्या विषयावर पुन्हा कोणी बोललं नाही, आजही नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'झ म सुव्हियँ' लिहिलेलं असतं, 'मला आठवतं'. काय आठवतं ते लिहिलेलं नाही. आजींना विचारलं तर म्हणाल्या, प्रत्येक घराचं वेगळं असतं.

---

कोकणी_आगर

ताई, पुढच्या वर्षी मुलीकडे बोस्टनला येतोय. ५ दिवस आहेत. कुठे जाऊ?

---

नदीकाठ

काका, नक्की या! माँट्रियल एक दिवस, डोंगरावर चढून नदी बघा, फक्त २३३ मीटर आहे, तुम्हाला काहीच नाही. मग महामार्ग सोडा आणि १३८ चा जुना रस्ता धरा, १७३७ चा राजरस्ता तोच, कितीतरी गावांची नावं संतांची आणि गावागावात चांदीसारखा चमकणारा पत्र्याचा कळस. ऑर्लेआँ बेटावर तुमच्यासारखी आगरं बघा, घर रस्त्याला, शेत पाण्यापर्यंत. शेवटी तादुसाक, तिथे सागने नदीचं खोल पाणी सेंट लॉरेन्समध्ये येतं, वर येणाऱ्या थंड पाण्याबरोबर देवमाशांचं खाणं वर येतं, पांढरे बेलुगा काठावरून दिसतात.

मार्च-एप्रिलमध्ये आलात तर मेपलचा हंगाम. रात्री गोठायला हवं आणि दिवसा वितळायला हवं, तरच झाडातून रस पाझरतो. पाण्यासारखा पातळ, जेमतेम गोड, ४० लिटर उकळला की १ लिटर पाक. गरम पाक ताज्या बर्फावर ओततात, तो चिकट होतो आणि काडीवर गुंडाळून खायचा. आपल्या गुऱ्हाळावर काकवी खाल्लेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही, वाफेचा वाससुद्धा ओळखीचा वाटतो.

आणि केबेक शहरातून लेव्हीला जाणारी फेरीबोट घ्या, १०-१२ मिनिटांची. मी दर फेब्रुवारीत एकदा तरी घेते. समुद्र तिथून किती दूर, पण भरती तिथपर्यंत येते, चार-पाच मीटर पाणी चढतं. बोटीच्या कठड्याला धरून उभं राहिलं की खाली बर्फाचे मोठमोठे तुकडे एकमेकांवर घासत जाताना दिसतात, करकर आवाज येतो, आणि भरतीची वेळ असेल तर ते सगळे उलटे, समुद्राकडून वर माँट्रियलच्या दिशेने चाललेले असतात. सहा तासांनी तेच परत खाली. डेकवर शेजारी उभी असलेली माणसं गप्प असतात, रोजची जाणारी येणारी, तरी बघत असतात.

तुमच्या तारखा ठरल्या की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लाँगयला आमच्याकडेच उतरा.